जिरलेल्या पाण्याचे बिल

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



स्मृतिव्याख्यानात आधी गौरव आणि मग विषय अशी रीत आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे त्या आमच्या सरांना स्वतःचा गौरव ऐकवत नसे. वर्गात कोणी प्रस्तावना लांबवली तर ते फळ्याकडे वळून सूत्र लिहायला लागत. तेव्हा मीही सूत्रापासूनच सुरुवात करतो.

पावसाळी गटार केवढे बांधायचे हे ठरवण्यासाठी आम्ही अभियंते एक जुने, साधे सूत्र वापरतो. पाऊस ताशी किती मिलिमीटर पडतो, किती क्षेत्रावर पडतो आणि त्यातला किती हिस्सा वाहून जातो, या तिन्हींचा गुणाकार केला की गटारात येणारे पाणी मिळते. यातली पहिली गोष्ट आभाळाच्या हाती. दुसरी नकाशाने ठरवलेली. माणसाच्या हातात उरतो तो तिसरा आकडा, ज्याला आम्ही अपवाह गुणांक म्हणतो. झाडी असलेल्या मोकळ्या जमिनीवर तो ०.२ ते ०.३च्या घरात असतो. स्लॅबवर आणि काँक्रीटवर ०.९ किंवा त्याहून जास्त. एक हेक्टर जमिनीवर ताशी ५० मिलिमीटर पाऊस पडतो आहे असे धरा. गुणांक ०.३ असेल तर गटाराकडे सेकंदाला सुमारे ४२ लिटर पाणी येते. तोच ०.९ झाला की १२५ लिटर. पाऊस तेवढाच, जमीन तेवढीच, आणि पाणी तिप्पट. शिवाय ते लवकर येते. मातीवरून रेंगाळत अर्ध्या तासाने पोचणारे पाणी फरशीवरून दहा मिनिटांत येते, आणि सगळ्या बाजूंनी एकदमच येते. गटारे तुंबतात त्यात कचऱ्याइतकाच या वेळेच्या गणिताचाही हात असतो.

आता या गुणांकाची मुंबईतली गोष्ट सांगतो, कारण ती फारशी सांगितली जात नाही. मुंबईची जुनी पावसाळी गटारे ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि ०.५ गुणांक धरून आखलेली होती. निम्मे पाणी जिरेल, निम्मे वाहील, असा तो हिशेब. १९९३ साली ही गटारे सुधारण्याचा, ब्रिमस्टोवॅड या नावाचा अहवाल आला आणि बरीच वर्षे कपाटात राहिला. मग २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि रखडलेल्या कामांना वेग आला. नव्या हिशेबात पाऊस धरला ताशी ५० मिलिमीटर आणि गुणांक धरला १. पन्नासच्या आकड्यावर वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने छापून आले. त्या एकाच्या आकड्यावर मात्र कोणी थांबले नाही. गुणांक १ याचा अर्थ असा की आभाळातून पडलेला एकही थेंब या शहरात जिरणार नाही, हे आपण लेखी मान्य केले.

गटार बांधणाऱ्या अभियंत्याच्या बाजूने हे बरोबरच आहे. त्याने सगळ्यात वाईट धरायला हवे. पण त्याने सुरक्षिततेसाठी धरलेला आकडा हळूहळू बाकीच्यांचा परवाना झाला. गटारे सगळे पाणी नेणार आहेतच, मग जमीन उघडी कशाला ठेवा? माझ्या आजच्या बोलण्याचा रोख या मनोवृत्तीवर आणि तिच्या मागच्या हिशेबावर आहे.

पाणी जिथे पडते तिथेच त्याला थोपवायचे, जिरवायचे, गाळायचे आणि उरलेले सावकाश पुढे सोडायचे, ही विद्या शहरांसाठी शास्त्र म्हणून अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत १९९०च्या आसपास रचली गेली. आपल्याला ती नवी वाटू नये. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही पाटी महाराष्ट्रात एसटीच्या मागे लिहिलेली असायची. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार इथली पाणी अडवण्याची कामे पाहायला आपण बस करून गेलो. माथा ते पायथा हा शब्दप्रयोग शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. गावात जे आपण इतके छान जाणतो ते शहरात आल्यावर का विसरतो, याचे उत्तर मी थोड्या वेळाने देतो. आधी शहरात पाणी जिरवणारी रचना, म्हणजे पाऊसबाग, डोळ्यांसमोर आणू.

रस्त्याकडेच्या पाऊसबागेचा छेद घेतला तर असे दिसेल. कर्बच्या दगडांत दर काही अंतरावर फूटभर फट ठेवलेली. आत झाडांचा पट्टा रस्त्यापेक्षा वीतभर खोल. वर दोन-अडीच फूट माती, वाळू आणि खताचे मिश्रण, त्याखाली खडीचा थर, आणि खडीत छिद्रे पाडलेला एक पाइप. पट्ट्याच्या एका टोकाला थोडी उंच बसवलेली जाळी, जी नेहमीच्या पावसाळी चेंबरला जोडलेली. छोटी सर आली तर सगळे पाणी पट्ट्यात उतरते आणि जिरते. मोठी आली तर पट्टा भरतो आणि वरचे पाणी जाळीतून गटारात जाते. एवढेच. यात ना पंप, ना वीज.

आता आपल्या शहरातला कुठलाही दुभाजक आठवा. त्यातली माती रस्त्यापेक्षा दोन फूट उंच, वर लाल-पिवळ्या पट्ट्यांचा कठडा, आणि मे महिन्यात टँकरने घातलेले पाणी. पावसाळ्यात तीच माती चिखल होऊन रस्त्यावर उतरते आणि पहिल्या जाळीत जाऊन बसते. पदपथावरच्या झाडांची गत याहून वाईट. पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडलेले. राष्ट्रीय हरित लवादाला २०१३ साली दिल्लीसाठी आदेश काढावा लागला की झाडाभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढा. म्हणजे हिरवाई आपण लावतोच, खर्चही करतो. फक्त ती पाण्यापासून जपून ठेवतो!

परदेशातली दोन उदाहरणे देतो. कौतुकासाठी देत नाही, त्यांच्या हिशेबाच्या पद्धतीसाठी देतो. ऑरेगनमधल्या पोर्टलँड शहराच्या जुन्या भागात सांडपाणी आणि पावसाचे पाणी एकाच नळातून जाई. पाऊस आला की नळ भरून मैला विलामेट नदीत उतरे. शहराने नदीकाठी प्रचंड भुयारी नळ टाकले, त्यावर अब्जावधी रुपयांच्या हिशेबात पैसा गेला. पण त्याच वेळी, १९९३ ते २०११ या काळात, त्यांनी घरोघरी जाऊन छपरावरून उतरणारे पन्हाळीचे पाइप गटारातून सोडवले आणि अंगणात वळवले. दर पाइपमागे घरमालकाला ५३ डॉलर दिले. पन्नास हजारांहून अधिक पाइप असे सुटले. मोठे भुयार आणि छोटा पाइप यांत त्यांनी भांडण लावले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

फिलाडेल्फियाने तर एक मापच तयार केले. २०११ साली सुरू केलेल्या त्यांच्या २५ वर्षांच्या योजनेत ‘हिरवा एकर’ हे एकक आहे. एक एकर फरसबंद जमिनीवर पडलेला पहिला एक इंच पाऊस जागेवर अडवला आणि जिरवला, तर एक हिरवा एकर जमा. त्याआधी वर्षभर त्यांनी पावसाळी पाण्याचे शुल्क आकारण्याची पद्धतही पालटायला घेतली होती. पूर्वी ते पाण्याच्या मीटरवर लागे. त्यामुळे गाड्यांच्या विस्तीर्ण डांबरी वाहनतळाला, जिथे नळच नाही, काहीच पडत नसे. सगळे पाणी मात्र तोच गटारात सोडी. आता आकारणी जमिनीवर आणि तिच्यातल्या फरसबंदीवर. ज्याने जेवढी जमीन झाकली त्याने तेवढे द्यावे. जिरवण्याची सोय केली तर सूट.

आता इकडे येऊ. पुण्यात हा विषय काढला की पहिला आक्षेप जमिनीचा. आमच्याकडे खाली काळा पाषाण, वर कुठे काळी माती, पाणी जिरणार कुठे? आक्षेप खरा आहे. अखंड बेसाल्टमध्ये पाणी शिरत नाही, आणि काळी माती भिजली की फुगून तोंड मिटते. म्हणून तर ती माती काढून मिश्रण भरायचे आणि खाली छिद्रांचा पाइप घालायचा. जिथे मुरूम लागतो तिथे पाणी खाली जाते. जिथे पाषाण लागतो तिथे ते तीन-चार तास थांबून, गाळून, गटारात सावकाश जाते, आणि गटाराला तेवढाच श्वास मिळतो. दुसरा आक्षेप डासांचा. डेंगीचा डास अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडा घेतो. चांगल्या रचनेत पाणी एका दिवसात उतरले पाहिजे. उतरत नसेल तर ती पाऊसबाग नव्हे, डबके, ते बुजवावे. तिसरा मुद्दा झाडांचा. पोर्टलँडला पाऊस थोडा थोडा, पण लांबलचक हिवाळाभर पडतो. आपल्याकडे चार महिने चिंब आणि आठ महिने कोरडे. तिकडची रोपे इकडे टिकणार नाहीत. वाळा टिकेल, कर्दळ ओलाव्याच्या जागी टिकेल, काही रानगवते टिकतील.

चौथ्या अडचणीवर मात्र मी सोपे उत्तर देणार नाही. आपली पावसाळी गटारे ही केवळ पावसाळी नाहीत. त्यांत सांडपाणी येते, हॉटेलांचे तेलकट पाणी येते. असे पाणी मुळाशी सोडले तर झाड मरते, आणि भूजलात सोडले तर माणसाचे नुकसान होते. काही ठिकाणी उत्साहाच्या भरात रस्त्याचे पाणी थेट बोअरमध्ये सोडतात. हे करू नका. छपराचे पाणी गाळून बोअरला दिले तर ठीक. रस्त्याचे पाणी मातीच्या थरातूनच गेले पाहिजे. या बाबतीत मी कर्मठ आहे.

पण हे सगळे सुटणारे प्रश्न आहेत. केंद्रीय गृहनिर्माण आणि नागरी व्यवहार मंत्रालयाने २०१९ साली पावसाळी निचऱ्याची जी मार्गदर्शिका काढली, तिनेही अशा रचनांना जागा दिली आहे. मग काम का होत नाही? इथे मघाशी टांगून ठेवलेले उत्तर देतो.

महापालिकेतले कुठलेही काम दरसूचीतून जन्माला येते. खोदाई इतक्या रुपयांना घनमीटर, ६०० मिलिमीटर व्यासाचा आरसीसी पाइप इतक्या रुपयांना मीटर, चेंबर इतक्याला नग, पेव्हर ब्लॉक इतक्याला चौरस मीटर. कनिष्ठ अभियंता या बाबी जोडून अंदाजपत्रक करतो, टेंडर निघते, काम होते, मोजमाप वहीत नोंद होते, बिल निघते. आता त्या अभियंत्याला सांगा की या रस्त्यावर पाणी जिरव. तो विचारेल, बाब कोणती? फट असलेल्या कर्बचा दर नाही. मिश्र मातीचा दर नाही. जिरलेले पाणी मोजायचे कसे, ते लिहिलेले नाही. त्याला वेगळे दरविश्लेषण करावे लागेल, वरून मंजुरी आणावी लागेल, आणि उद्या लेखापरीक्षणात आक्षेप आला तर उत्तर त्यालाच द्यावे लागेल. त्यापेक्षा पाइप टाकलेला बरा. यात त्याचा आळस नाही, शहाणपण आहे. इथेच घोडे पेंड खाते.

गावात का झाले? कारण १९७२च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीच्या कामांत मातीकामाला माप होते. सलग समतल चर किती खोदला, नालाबांधात किती माती पडली, हे टेप लावून मोजता येई आणि शनिवारी मजुरी वाटता येई. पाणी अडवण्याला दर होता, म्हणून पाणी अडले. शहरात वाहून नेण्याला दर आहे, म्हणून ते वाहून जाते. मी वीसेक परिसंवादांत लोकजागृतीवर भाषणे ऐकली आहेत. दरसूचीवर एकही ऐकलेले नाही.

दराच्या खालोखाल प्रश्न मालकीचा. छपरावर पडलेला थेंब सोसायटीचा. पदपथावर आला की पथ विभागाचा, झाडाच्या आळ्यात गेला की उद्यान विभागाचा, जाळीत पडला की मलनिस्सारण विभागाचा, आणि चेंबर उघडे राहून कोणी त्यात पडले की कोणाचाच नाही. पाऊसबाग ही एकाच वेळी रस्ता, गटार आणि बाग आहे. ती बांधायला तीन सह्या लागतात, आणि बांधल्यावर तिची निगा राखायला एकही हात पुढे येत नाही. दर पावसाळ्याआधी तिच्यातला गाळ आणि प्लास्टिक काढावे लागते, नाहीतर नव्याचे नऊ दिवस आणि मग कुंडीभर गवत. नालेसफाईचा खर्च आपण दरवर्षी न चुकता करतो. त्यातला वाटा या पट्ट्यांकडे वळवायला नवा पैसा लागत नाही, नवे खाते लागते.

निगेची हमी कंत्राटदाराकडून घेता येते, आणि पुणेकरांना अशा हमीचे उदाहरण वेगळे सांगायला नको. जंगली महाराज रस्ता १९७०च्या दशकात बांधला तेव्हा रेकॉन्डो कंपनीने १० वर्षांची हमी लिहून दिली होती, आणि रस्ता त्याच्या कितीतरी पुढे टिकला. डांबराला जी अट घालता येते ती मातीला का घालू नये? ‘पाच पावसाळे हा पट्टा २४ तासांत कोरडा झाला पाहिजे, नाहीतर बिलाचा राखलेला हिस्सा मिळणार नाही,’ असे टेंडरमध्ये लिहिले की निगेचा प्रश्न निम्मा सुटेल.

खासगी जागेचे चित्र थोडे निराळे आहे. तिथे कायदा आहे. राज्याच्या २०२०च्या एकीकृत विकास नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. पुणे महापालिका सौरऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजल यांपैकी एक प्रकल्प असल्यास सर्वसाधारण करात ५ टक्के आणि दोन असल्यास १० टक्के सवलत देते. कागदावर सगळे नीट आहे. पण कुठल्याही मोठ्या सोसायटीत जाऊन शोषखड्डा दाखवा म्हणा. वॉचमन मागच्या भिंतीकडे नेतो. लोखंडी झाकणावर कोणाची तरी जुनी स्कूटर उभी. झाकण उचलले तर आत विटांचे तुकडे, कोरडी वाळू आणि वरून येणारा पीव्हीसी पाइप मध्येच तुटलेला. भोगवटा प्रमाणपत्रासाठी बांधलेला खड्डा प्रमाणपत्र मिळाल्यावर निवृत्त झाला. सवलत मात्र बिलावर दरवर्षी छापून येते.

आणि त्याच सोसायटीच्या दारात उन्हाळ्यात टँकर उभा असतो. हिशेब अगदी साधा आहे. एक हजार चौरस मीटर गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला की ५० हजार लिटर पाणी. दहा हजार लिटरचे पाच टँकर, एका संध्याकाळच्या पावसात. नव्या इमारतींत तर भूखंडभर बेसमेंट. वरची ‘बाग’ स्लॅबवर दीड फूट माती टाकून केलेली. तिथे जिरायला जमीनच उरलेली नाही. अशा ठिकाणी साठवणटाकी हाच मार्ग, आणि नियमाने तो स्पष्ट सांगायला हवा.

मर्यादाही सांगतो, नाहीतर सरांनी मला मागच्या बाकावर बसवले असते. या सगळ्या रचना रोजच्या पावसासाठी आहेत. पुण्याचा वार्षिक पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातल्या बहुतेक दिवसांच्या सरी किरकोळ असतात. त्या सरींना ही रचना पुरी पडते. ढगफुटीला नाही. चीनने पाऊस शोषून घेणाऱ्या ‘स्पंज शहरां’चा मोठा कार्यक्रम हाती घेतला, त्यात पैसा ओतलेल्या झेंगझोऊ शहरात २० जुलै २०२१ रोजी एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस झाला आणि भुयारी रेल्वेत पाणी शिरून माणसे गेली. मुंबईत भरतीच्या वेळी गटारांचे पाणी समुद्रात उतरू शकत नाही. हिंदमाताच्या सखल भागात मैदानांखाली पाणी साठवणाऱ्या टाक्या बांधाव्या लागल्या त्या त्यामुळेच.

आणि पुण्यातला आंबील ओढा. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री कात्रजच्या बाजूने पाणी आले आणि शहर-परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. तिथे कर्बला फटी ठेवून काही झाले नसते. ओढ्याला त्याचे पात्रच हवे होते. याच ओढ्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव झाला, प्रवाह वळवून पर्वतीच्या पायथ्याशी तळे झाले. आज तिथे सारसबाग आहे. ओढ्याचे पाणी वाटेत थांबवण्याच्या जागा आपण एकेक करून भरत आलो. म्हणून क्रम लक्षात ठेवावा: ओढ्याचे पात्र आधी, मग गटार, आणि या दोघांवरचा रोजचा भार कमी करायला जिरवणी. जिरवणीचे फलक लावून पात्रात भराव टाकू देणाऱ्यांपासून सावध राहा.

संधी कुठे आहे? रस्ता खोदला जातो तेव्हा. पुण्यात रस्ते बारमाही खोदले जातात, यावर एरवी आपण चिडतो. पण केबल किंवा जलवाहिनी टाकून झाल्यावर पदपथ पुन्हा बांधायचाच असतो. त्याच वेळी झाडांचा पट्टा खाली घेतला तर वेगळी खोदाई लागत नाही. काही कामे तर आज, दराशिवायही होतील: नवे दुभाजक भरताना माती कठड्याच्या काठोकाठ न भरता वीतभर खाली ठेवणे, हे कुठल्याही मंजुरीविना शक्य आहे. दुसरी संधी मिळकतकरात. सवलत दरवर्षी आपोआप न देता, पावसाळ्यात खड्ड्यात पाणी उतरताना काढलेल्या दिनांकित छायाचित्रावर द्यावी. पुढेमागे फरसबंदीवर शुल्क लावण्याचा विचार व्हायला हवा; मॉलच्या वाहनतळाने आणि अंगणात आंबा राखणाऱ्या जुन्या बंगल्याने गटारासाठी सारखाच भार का उचलावा?

शेवटी आपल्याला एक काम सांगतो. पुण्यात २००६ पासून नागरिकांना आपल्या भागातली कामे अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. त्यासाठी अर्ज करावा लागतो. आजवर आपण त्यात बहुधा बाके, नामफलक आणि पेव्हर ब्लॉक मागितले आहेत. येत्या वर्षी एवढेच लिहा: आमच्या रस्त्यावरच्या झाडांची आळी रस्त्याच्या पातळीखाली घ्यावीत आणि कर्बला फटी ठेवाव्यात. त्या कामाचा खर्च क्षेत्रीय कार्यालयाच्या अभियंत्यांना काढावा लागतो, आणि खर्च काढायचा तर आधी दर काढावा लागेल.